सातातला एक गोल

कुमुद घरत यांच्या पीएच.डी.ला साडेनऊ वर्षं लागली. रोडपालीतल्या शेजारणींनी तर विचारणंच सोडून दिलं होतं. दिवसभर पनवेलच्या कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी कागदावर गोल काढून बाणांनी जोडत बसायचं, याला संशोधन म्हणतात हे पटवायचं तरी कोणाला?

ते गोल म्हणजे एका कागदी यंत्राच्या अवस्था. यंत्राचं काम एकच, उघडलेला प्रत्येक कंस योग्य क्रमाने मिटला का ते तपासायचं. कंस उघडला की चळतीवर खूण ठेवायची, मिटला की वरची काढायची. हेच काम कमीत कमी गोलांत कसं होईल, याचा कुमुदताईंना ध्यास. सात गोलांचं यंत्र त्यांनी पाचांवर आणलं आणि आपली रीत अशा सगळ्याच भाषांना, म्हणजे कंसांच्या ओळी ठरवणाऱ्या नियमांना, लागू पडते, असं प्रबंधात लिहून टाकलं. प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

रविवारी जेवताना त्यांनी तो कागद वडिलांना दाखवला. बुधाजींची हयात मिठागरात गेलेली. दोन गोल सारखेच दिसले म्हणून एक केले, हे त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"दोन वाफ्यांत पानी सारखंच दिसतं," ते म्हणाले. "पन मीठ कंच्यात धरंल, तां ऊन खाल्ल्याबिगर कलत नाय. तू ऊन दावलंस का?"

कुमुदताईंनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला. त्यांनी पुढच्या एका अक्षरापुरतंच पाहिलं होतं, चळत रिकामी होईपर्यंत यंत्र चालवलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत सहा कंसांची एक ओळ सापडली. एक केलेल्या त्या दोन गोलांपैकी एकातून निघालं की यंत्र ती स्वीकारायचं, दुसऱ्यातून निघालं की नाकारायचं. आठ वर्षांच्या कष्टांवर पाणी पडलं आणि त्या ढसाढसा रडल्या.

मार्गदर्शक म्हणाले, इतक्या खोलात कोणी जात नाही, देऊन मोकळ्या व्हा. दहातल्या नऊ जणांनी ऐकलं असतं. कुमुदताईंनी प्रबंध मागे घेतला.

मग दीड वर्ष त्या एकच गोष्ट शोधत राहिल्या, आपली रीत नक्की कुठे खरी ठरते. उत्तर लहान निघालं. उघडणारा कंसच जिथे यंत्राच्या कुठल्या भागात शिरायचं ते सांगतो, तेवढ्याच भाषांत. दावा आक्रसला, पण सिद्धता पक्की झाली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, एवढंच का? कुमुदताईंनी खडू घेतला आणि आपली जुनी चूक सहा कंसांसकट फळ्यावर मांडली. अशी माणसं विरळाच.

घरी बुधाजींनी विचारलं, शेवटी किती गोल कमी झाले?

"सातातला एकच, बाबा."

"एक तर एक," ते म्हणाले. "आता ऊन दावलंस ना?"

"दावलं, बाबा."