घासलेटचा डबा आणि शेवंताचा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, देवालाही नाही. आज सांगतो — पण मान खाली घालून सांगेन अशी आशा ठेवू नका.

नशिराबादेजवळ आमच्या केळी. मी सायकल घेतली तेव्हा माझी पोर शेवंता दोन वर्षांची होती. तिच्यासाठी मागच्या कॅरियरवर सुताराकडून लाकडी खुर्ची करून घेतली. पाठ उंच, कमरेला चामड्याचा पट्टा, पायांना दोन. सुतार म्हणाला, "भाऊ, चाकले पत्रा ठोकी ले. पोरना पाय नाजूक शे." मी ठोकला नाही. का? सायकलचं रूप जातं म्हणून. हसा खुशाल.

एक दिवस तिला घेऊन जळगावच्या बाजारी निघालो. माझी बायको गोदा — तिन्ही पट्टे तिनं बांधले, वर बोट घालून पाहिलं. तिची ती सवयच होती.

परतताना घासलेटचा डबा घेतला. तो पुढच्या दांड्यावर राहीना. मग पोरीच्या पायांचे दोन्ही पट्टे सोडले आणि डबा आवळला — हो, डबा. पोरीचे पाय केळीच्या सोपटानं, खोडाच्या वाळक्या सालीनं, बांधले. अख्खा घड ज्यानं बांधतो, त्याला दोन पावलं जड आहेत का? पण सोपट आधी भिजवावं लागतं, नाहीतर तडकतं. केळीवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मला पाणी शोधायचा कंटाळा आला.

रस्त्यात सोपट तुटलं. डावा पाय चाकात गेला. दोन बोटं गेली, टाच फाटली. ती अजून लंगडते.

इथवर चूक म्हणा. चूक कुणाची होत नाही? पण थांबा — खरी गोष्ट पुढं आहे. पोर कडेवर रडत होती, आणि मी घराआधीच्या विहिरीपाशी थांबलो. पाण्यासाठी नाही. डब्याचे पट्टे सोडून मी ते परत खुर्चीला लावले, मोकळे, लोंबते. सोपटाचे तुकडे विहिरीत टाकले, डबा तिथंच ठेवला. मग घरी गेलो.

वडिलांनी, आबांनी, लोंबते पट्टे पाहिले. "पट्टा कोनी बांधा व्हता?"

मी म्हणालो, "हिनी."

गोदानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. तिच्या हातांना ठाऊक होतं की गाठ पक्की होती. ती काही बोलली नाही. मी तरी तिच्या जागी बोललो असतो का? असतो. बोंब मारली असती.

तेव्हापासून गावात बारशाला पाळण्याची दोरी कुणी तिच्या हाती देत नाही. जिला स्वतःची पोर बांधता आली नाही, तिला दुसऱ्याची कोण देणार? आबा वारले तेव्हा सांगता आलं असतं. शेवंताचं लग्न अडलं होतं तेव्हाही. नाही सांगितलं. भित्रा म्हणा. त्याहून वाईट शब्द असला तर तोही म्हणा, मी ऐकतो.

काल शेवंताच्या मुलाचं बारसं झालं. गोदानं दोरीला हात घातला. जावयाची आई हळूच म्हणाली, "राहू द्या, इहीनबाई." गोदानं हात काढून पदरात घेतले.

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. पुढ्यातल्या घुगऱ्या खाल्ल्या.