नेमकं-मॅडम

कुणी काही समजावून सांगायला लागलं, की मॅडम मध्येच विचारायच्या, "म्हणजे नेमकं काय करायचं?" प्राचार्यांनाही विचारायच्या. त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'नेमकं-मॅडम' पडलं. त्या फिजिक्स शिकवायच्या, मी गणित. दोघीही तासिकेवर, दर जूनला नव्यानं नेमणूक. सोलापुरातल्या त्या कॉलेजात 'यंदा पर्मनंट होईल' हे ऐकता ऐकता त्यांची चाळिशी उलटली.

एक दिवस डबा खाताना म्हणाल्या, "मी टेक्निकल रायटिंगमध्ये जाणार. यंत्र कसं वापरायचं, सॉफ्टवेअर कसं चालवायचं, ते लिहून द्यायचं. शिकवण्यासारखंच आहे गं, फक्त समोर वर्ग नसतो."

पण कंपन्या पोर्टफोलिओ मागत, आधी लिहिलेल्याचे नमुने. मॅडमकडं एकच मोठं काम होतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेची पुस्तिका. ओळ न् ओळ त्यांची, मुखपृष्ठावर नाव विभागप्रमुखांचं. ऑनलाइन मुलाखतीत विचारलं गेलं, "यात तुमचं नाव कुठं आहे?" तुम्ही लिहिल्याचं पत्र तरी आणा, असं त्यांना सांगितलं गेलं.

मॅडम पत्र मागायला विभागप्रमुख सरांकडं गेल्या. मी सोबत होते. सर हसले. "अहो, विभागाचं काम ते. त्यात तुमचं-आमचं कसलं?" पुढच्या नेमणुकीवर सही त्यांचीच व्हायची. मॅडम "बरं सर" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

घरीही तेच. यजमानांचं भवानी पेठेत टॉवेलचं दुकान. "इतकी वर्षं थांबलीस आणि आता ऐन वेळी सोडतेस?" ते म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मॅडम एकदा मला म्हणाल्या, "कुणी वाईट वागलं असतं तर भांडले तरी असते गं."

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. आधी घरातला इन्व्हर्टर. दुपारी लाइट गेली की घरात सासूबाई एकट्या. त्या मूळच्या वळसंगच्या. वाचत हळू, पण एक शब्द सोडत नसत. मॅडमनी सूचनांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि स्वतः तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाजूचं बटन दाबा म्हणतीस," सासूबाई म्हणाल्या, "पर कुटल्या बाजूचं? हितं दोन हायती की!"

मॅडम हे सांगताना हसून हसून लाल झाल्या होत्या. पोर्टफोलिओत त्यांनी चुकलेला कागद, सासूबाईंचा प्रश्न आणि सुधारलेला कागद, तिन्ही ठेवले. मी म्हटलं, "चुकलेलं कशाला दाखवता?"

"का चुकलं ते मला कळलंय, हे दाखवायला."

दोन ठिकाणांहून नकार आला. एकीकडून उत्तरच नाही. शेवटी पुण्याच्या एका छोट्या कंपनीचा फोन आला. तिथल्या बाईंनी अर्धा वेळ सासूबाईंबद्दलच विचारलं म्हणे. घरूनच काम, सहा महिन्यांचा करार.

तासिकेवरच्या माणसाला निरोपसमारंभ नसतो. मॅडमनी कपाटाची किल्ली शिपायाकडं दिली, मी फाटकापर्यंत गेले.

"सुटलात," मी म्हणाले.

"कुठलं काय! सहा महिन्यांनी पुन्हा धाकधूक आहेच." रिक्षात बसता बसता त्या थांबल्या. "तू कधी निघतेस?"

"बघू."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली. आत घंटा झाली, तसे माझे पाय आपोआप वर्गाकडं वळले.