करंट बघणारा हात

करंट बघायला आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मीटर कधी लागला नाही. आष्टीत रस्त्याकडेला आमचं गॅरेज आहे, जुन्या पेट्रोल गाड्यांचं. इंजिन चालू असताना ते प्लगची वायर उपसायचे आणि तिचं टोक उजव्या हाताच्या बोटांत धरायचे. झटका कोपरापर्यंत आला तर करंट चांगला, मनगटापर्यंतच आला तर करंट बनवणारी कॉइल थकलेली. चाळीस वर्षं हेच. मी शेजारी बसून प्लग घासायची. त्यांची शिवी ऐकू आली की समजायचं, गाडीत दम आहे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका कलिंगडवाल्याची जीप आली. चार सिलिंडरची, पण तीनवरच चालायची आणि अख्खी थरथरायची. मालकांनी वायर धरली. "करंट न्हाई. कॉइल गेली." नवी घातली, परत वायर धरली. "न्हाई." दुसरी घातली. तीही मेलेली.

तिसरीही तशीच निघाली तेव्हा इतका वेळ हसत बघणारा कलिंगडवाला हसायचा थांबला.

"मिस्त्री, कावून असं होतंय? आधीच्या मालकानं ह्याच गाडीत जीव सोडला म्हणत्यात. म्हणून सस्त्यात भेटली."

"मंग आधी सांगायचं न्हाई का बे?"

"सांगितलं असतं तर तुमी हात लावला असता?"

मालकांनी हातातला पाना खाली ठेवला. एरवी अमावस्येला रस्त्यातला लिंबू ओलांडून जाणारा माणूस, पण त्या दिवशी जीपपासून दोन पावलं मागं सरला. इंजिन चालतंय म्हणजे आत ठिणगी आहेच, एवढं चौथी शिकलेल्या मलाही कळत होतं. त्यांना कळेना, कारण त्यांचा हात नाही म्हणत होता.

मी म्हटलं, "अंधार करून बघू." वायर फुटली असली तर ठिणगी बाहेर उडते, पण उजेडात दिसत नाही. कलिंगडवाल्याला बाहेर काढलं, भर दुपारी शटर ओढलं, खिडकीला पोतं लावलं. धूर कोंडतो, म्हणून हे दोन मिनिटांचंच काम.

तिसऱ्या वायरवर निळी रेघ सरपटत होती. मधेच उडी मारून लोखंडाला चिकटायची. टिक, टिक. फॉल्ट तो होता.

"ही बघा, वायर फुटलीय."

मालकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पहिल्या सिलिंडरची वायर उपसून हातात धरली होती.

"हितं बी न्हाई," ते म्हणाले. "सगळं मेलंय."

निळी ठिणगी त्या वायरमधून त्यांच्या बोटांत जात होती. बोटं आपली आपण उडत होती, पालीची तुटलेली शेपटी उडते तशी. आवाजात मात्र काही नाही, चहा मागावा तसा आवाज.

"तुमचा हात उडतोय."

"कुणाचा?"

मी वायर हिसकावून स्वतः धरली. खांद्यापर्यंत झटका बसला आणि मी मागच्या टायरांवर आदळले. उठून इंजिन बंद केलं, पोतं काढलं. "करंट हाय," मी म्हटलं. "लई हाय."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हाताकडे. साखरेच्या गोळ्या ते मनाला येईल तेव्हा घ्यायचे. डॉक्टरांनी पायाला जपा म्हणून सांगितलं होतं. हाताचं कुणी बोललं नव्हतं.

त्यांनी हात पुढं केला. "टोच."

मी बांगडीतली पिन काढली. ते शटरकडे तोंड करून उभे राहिले.

"टोच की."

"टोचली."

"कधी?"

पाचही बोटं झाली, तळवा झाला. मनगटाच्या वर गेले तेव्हा ते "हां" म्हणाले. पुन्हा खालपासून टोचायला लावलं. त्याच जागी "हां".

कलिंगडवाला शटर बडवत होता. "मिस्त्री, जित्ते हाय ना आत?"

त्याला आम्ही वायरचं सांगितलं, हाताचं नाही. गिऱ्हाईक तुटलं असतं. वायर बदलली आणि जीप चारीवर चालली.

बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते जपा. मी म्हटलं, प्लग लोखंडाला टेकवून ठिणगी डोळ्यांनी बघत जा, बाकीचे मिस्त्री तेच करतात. ते म्हणतात, डोळा फसवतो. मग गाडी आली की वायर मी धरते. मला झटका बसतो आणि माझ्या तोंडाकडे बघून ते सांगतात, कॉइल चांगली आहे का थकलीय. अजून एकदाही चुकले नाहीत.