कागद राधाकडे दिले होते

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत सुहासिनीबाई बर्व्यांचा भलताच धाक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सूचनाफलक त्यांच्या ताब्यात. 'दार आपटल्याने लिफ्ट लवकर येत नाही' ही सूचना त्यांचीच. दुसऱ्याची चूक त्यांना जिन्यातूनच दिसायची.

तळमजल्यावरचा त्यांचा दुसरा फ्लॅट त्या चार-आठ दिवसांसाठी पाहुण्यांना देत. लग्नाला आलेले, मुलांच्या कॉलेजप्रवेशासाठी आलेले आईवडील, असे लोक. त्याची सरकारी कचेरीत नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागे. झाडलोट आणि किल्ली राधाकडे. ती यवतमाळकडची, राहायला धायरीत. त्याच इमारतीत आणखी चार घरची कामं करायची.

यंदा नोंदणीची वेळ आली नेमकी पितृपक्षात. या दिवसांत नवं काही करायचं नाही, असं सासूबाईंचं सांगणं. बाईंचा विश्वास नव्हता, पण मोडवतही नव्हतं. मग नवरात्र आलं, मग फराळ. मुदत टळून गेली.

दिवाळीनंतर कचेरीतून तपासणीला माणूस आला. पाहुणे बॅगा घेऊन जिन्यात उभे, वर सगळी सोसायटी गोळा. अध्यक्ष श्यामराव म्हणाले, "अहो बर्वेबाई, तुमच्याकडून राहिलं?" ते 'तुमच्याकडून' बाईंना झोंबलं आणि त्या बोलून गेल्या, "कागद राधाकडे दिले होते. कचेरीत द्यायला."

जीभ पुढे धावली आणि बाई मागे राहिल्या. शब्द परत घेणं सोपं होतं, त्यांनी घेतला नाही. राधा तिथेच पोछा घेऊन उभी होती. आठवड्याभरात चारही घरांनी, बेभरवशाची म्हणून, तिला 'उद्यापासून नको' सांगितलं. ती बाईंकडेही यायची थांबली.

बाईंनी उशिराने का होईना, नोंदणी करून घेतली. पण घास गिळवेना. फलकासमोरून जाताना मान खाली जाई. शेवटी एका सकाळी रिक्षा करून त्या धायरीला गेल्या.

राधाने घाईघाईने खुर्ची पुसली, चहा ठेवला. बाईंनी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "काकू, माफी द्या जी. तुमी कधी सांगतलं, कुठं ठेवले कागद, रोज आठवून पायते. आठवतच नाही. मीच भुलली असन. तुमच्यासारखी बाई खोटं काहून बोलन?"

बाईंना वाटलं, हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"राधा, मी तुला कागद दिलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "माझंच राहिलं होतं. लाज वाटली, म्हणून तुझं नाव घेतलं."

चहा उतू गेला. राधाने गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली. "म्हणजे मी भुलली नव्हती," ती स्वतःशीच म्हणाली.

"मी आजच फलकावर लिहिते. सगळे वाचतील."

"फलक नको." राधा वळली. आवाज चढलेला नव्हता. "चारही घरी चला. बेल तुमी वाजवा, अन् सांगा. मी तुमच्या बाजूला उभी रायते."

बाई उठल्या. पहिलं दार श्यामरावांचंच होतं.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "रिक्षा थांबलीय."