सगळ्या तक्रारी एकाच टेबलावरून

"गडबड हाय, पण माझीच आसंल."

काहीही बिघडलं की आमचे सर्व्हरभाऊ आधी चष्मा काढायचे आणि मग हे म्हणायचे. महाळुंग्यातल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं खातं म्हणजे ते एकटे. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी गुन्हा आपलाच, अशी त्यांची समजूत. असा एखादा तुमच्याही कंपनीत असेल, बघा.

त्यांनी कंपनीच्याच एका मशीनवर तक्रारपेटी बसवली. कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडा, नाव न लिहिता तक्रार टाका. पेटीच्या पुढे आणखी एक मशीन, त्यांच्या टेबलाखाली. त्याला म्हणे रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. "गेटवरचा वॉचमन समजा. चिठ्ठी तो घेतो, आत नेऊन देतो." मी पडलो स्टोअरवाला. मान डोलावली, कळलं काहीच नाही.

पुढे एकदा प्लँटच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. मी सहीसाठी तिथेच उभा होतो.

"प्रत्येक तक्रार कुठून आली ते पेटी टिपते. सगळ्या तुमच्याच टेबलावरून आल्यात. ओव्हरटाइमचं समजू शकतो. पण बायकांच्या संडासाच्या कडीचं तुम्हाला काय पडलंय?"

भाऊंनी चष्मा काढला. "सर, म्या एकबी लिहिली न्हाई."

"मग शोधा कुणी लिहिल्या. तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, लक्षात आहे ना?"

तो आठवडा भाऊ टेबलाखालीच होते. वायरी काढल्या, घातल्या. मशीन बंद केलं, चालू केलं. मी बॅटरी धरून बसायचो आणि त्यांच्याहून जास्त गोंधळायचो. शेवटी म्हणाले, "घावलं." वॉचमन चिठ्ठी आत द्यायचा, पण कुणाची ते सांगायचाच नाही. पेटीला वाटायचं, सगळ्या त्याच्याच.

त्यांनी वॉचमनच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली. मी स्टोअरमधून खोटी तक्रार टाकली, तर पडद्यावर स्टोअरचं नाव. तेवढ्यात एक खरीच तक्रार आली, पुन्हा त्या कडीचीच. शेजारी लिहिलेलं : प्रेस शॉप. तिथे त्या शिफ्टला चारच बायका असतात.

भाऊंनी चष्मा काढला. मग त्यांनी ती ओळ पुसली.

"अहो, सुटला होतात की. पुसलीत कशाला?"

"नाव कळणार न्हाई, आसं पेटीवर मीच लिवलंय ना."

"आणि साहेबांना काय सांगणार?"

"गडबड माझी व्हती म्हणतो. तुमी कुठं बोलू नका."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. हा भाबडेपणा होता की हट्ट, मला अजून उमगलेलं नाही.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या पोराने पहिल्याच दिवशी ती ओळ घातली. आता तक्रार कुठून आली ते नीट दिसतं, ही बातमी प्रेस शॉपपर्यंत जायला जेवणाची सुट्टी पुरली. तेव्हापासून पेटी रिकामी आहे. साहेब ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

परवा प्रेस शॉपच्या मावशी स्टोअरच्या खिडकीशी आल्या. हातमोजे मागितले, घेतले, तरी उभ्याच.

"ते सर्व्हरवालं भाऊ परत येणार हायत का वो? एक लिवायचं व्हतं."