भूल एक जिना वर होती

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, कोल्हापूरच्या एका दवाखान्याच्या अपघात विभागात माझ्या आत्तीवर अन्याय झाला. त्यात आमचाही हात होता, तेही लिहितो.

शाहूवाडीकडच्या आमच्या गावात डेअरीला दूध घालून परतताना ती शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मी आणि वडिलांनी तिला जीपमध्ये आडवी घालून आणली. प्रत्येक खड्ड्याला माझं मनगट आवळायची, पण तोंडातून शब्द नाही.

आमच्या घरात परक्यापुढं दुखणं सांगत नाहीत. कितपत दुखतंय, असं डॉक्टरनं विचारलं, तर म्हणाली, "बरं हाय की."

आणि मी शहाणा वर म्हणालो, "आमची आत्ती लई धीराची हाय."

वडील कौतुकानं हसले. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, वेदना कमी. कमरेत एक साधं इंजेक्शन टोचलं आणि पुढचा पेशंट घेतला.

मग तिला एक्स-रेच्या टेबलावर सरकवलं. मी दाराबाहेर होतो. आतून किंकाळी आली, मला वाटलं दुसरंच कुणीतरी. नंतर तिचं दुखणं थांबवा म्हणत मी डॉक्टरांच्या मागं मागं फिरलो. उत्तर एकच, भूल ऑपरेशनला मिळेल. वॉर्डात नेल्यावर दुखतंय म्हणून ती बेडपॅन सरकवू देईना, आणि तो लागूच नये म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं. घरी ने, तिथं मरते, म्हणाली.

मंगळवारी दुपारी तीनला ऑपरेशनआधी तपासायला भूलतज्ज्ञ बाई आल्या. जांघेत एक सुई, नसेजवळ औषध. अर्ध्या तासात आत्तीची मूठ सुटली. तिनं विचारलं, "बाई, ही सुई काल न्हवती व्हय हितं?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "होती, मावशी. मी एक जिना वरच होते. मला कुणी बोलावलंच नाही."

मी दवाखान्याकडं तीनदा तक्रारीचा अर्ज दिला. तिन्ही वेळा तोच कागद माझ्यापुढं सरकवला: वेदना कमी. आमच्याच तोंडचं. आत्ती आता काठी धरून चालते, पण कुणी पायाजवळ आलं तरी अंग चोरते. यावर माझ्याकडं उपाय नाही.

तुमच्या घरचं कुणी खुबा मोडून आलं, तर एक्स-रेला हलवायच्या आधी विचारा: नस बधिर करायचं इंजेक्शन देता येतं का? कोण देतं? त्यांना आत्ता बोलवा. देता येत नसेल तर कारण लेखी मागा. आणि उत्तर मिळेपर्यंत त्या डॉक्टरपुढून हलू नका.