झाकणावरचा हात

नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांना सोपं इंग्रजी शिकवायचो. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच काम, फापटपसारा नको. सरावाला एक वयस्कर ऑपरेटर कापायचं यंत्र चालवून दाखवायचे, वर्ग लिहून घ्यायचा.

यंत्र बंद केलं की ते झाकणावर तळहात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. जरा थांबून मगच झाकण उघडायचे. वर्गातल्या एकीने तेही लिहिलं. मी लाल पेनाने खोडलं. "ही सवय आहे, सूचना नाही."

ते हळूच म्हणाले, "सायेब, मशिनीवरचा दिवा गेला तरी आतलं पातं लगीच थांबत न्हाई. हाताला कळतं."

"भाऊ, बंद म्हणजे बंद!" मी म्हणालो. वर्ग हसला. त्यांनी तो हात खिशात घातला.

ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्याने वर्गाने लिहिलेल्या, मी तपासलेल्या पुस्तकाप्रमाणे लगेच झाकण उघडलं. त्याची दोन बोटं गेली.

आता ते खोडलेलं वाक्य पुस्तकात आहे. चांगल्या सूचनेचा नमुना म्हणून वर्गात मी तेच दाखवतो. कुणाचं, असं कुणी विचारलं की ‘एका ऑपरेटरचं’ एवढंच सांगतो. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.